साखरेत गुंडाळलेलं लोखंड

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड याच पट्ट्यातलं. पुढचे पाच-सहा महिने पहाटेपासून फडात वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. या कामात बाया पुरुषांच्या बरोबरीनं असतात आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या अंगात हे कष्ट पेलण्याइतकं रक्तच नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त.

अशी एखादी बाई गरोदर असते, एचबी (हिमोग्लोबिन) सात-आठवर आलेलं असतं, दिवस भरत आलेले असतात आणि लाल गोळ्यांचा गुण येईपर्यंत थांबायला सवड नसते. तेव्हा ग्रामीण रुग्णालयात तिला लोहाचं सलाईन लावतात. औषध मिसळलं की बाटलीतलं स्वच्छ पाणी तपकिरी होतं. या औषधाचं नाव आयर्न सुक्रोज. सुक्रोज म्हणजे साखर, उसातून निघते तीच, रेणूशी रेणू जुळणारी. ज्या साखरेसाठी तिनं कोयता चालवला, त्याच साखरेत गुंडाळलेलं लोखंड आता थेंबाथेंबानं तिच्या शिरेत उतरत असतं.

आश्चर्य एवढ्यावर संपत नाही. हे लोखंड त्या पाण्यात मीठ विरघळतं तसं विरघळलेलं नसतं. ते घन कणांच्या रूपात असतं आणि एकेक कण अवघ्या काही नॅनोमीटरचा असतो. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे तिच्यापुढे हा कण काहीच नाही. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी १९७४ साली वापरला. त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच, साखर-लोखंडाचे हे नॅनोकण युरोपात रुग्णांच्या शिरेत जात होते. आज ते आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात सहज मिळतात.

हा कण आत गेल्यावर त्याचं काय होतं? तो जसा गेला तसाच राहतो का? या प्रश्नाच्या मागे लागलं की शरीराच्या आत एक विलक्षण जग उघडतं. तिथे धातूचा कण सहसा आपल्या मूळ रूपात फार काळ टिकत नाही. कुठे त्याच्यावर नवा थर चढतो, कुठे तो फुटतो, विरघळतो, आणि कधी कधी विरघळलेल्यातून पुन्हा नवा कण जन्माला येतो.

मोकळं लोखंड धोक्याचं

मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण लोखंड असतं तीन-चार ग्रॅम. त्यावाचून श्वासाला अर्थ नाही, कारण प्राणवायू धरून ठेवायचं काम हिमोग्लोबिनमधलं लोखंडच करतं. पण हेच लोखंड मोकळं सुटलं तर घातक ठरतं. १८९४ मध्ये हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यातली एक क्रिया नोंदवली. पेशींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं सतत तयार होत असतं. त्याला मोकळं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अत्यंत आक्रमक तुकडा जन्मतो. तो पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल ते फाडत सुटतो.

म्हणून लोहाचा साधा क्षार शिरेत भरपूर टोचता येत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी यावर उपाय काढला तो कणाचा. लोह, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा, गंजाच्या कुळातला, एक घट्ट गाभा करायचा आणि त्याभोवती साखरेचं वेष्टण ठेवायचं. लोखंड आत बंद राहतं, रक्तात हळूहळू सुटतं. तरीही हे सलाईन घाईनं सोडत नाहीत. वेग वाढला तर काही लोह मोकळं होऊन रक्तदाब एकदम उतरू शकतो. सिस्टर नळीचं चाक फिरवून थेंब मोजत उभ्या राहतात, त्यामागे मोकळ्या लोहाची हीच भीती आहे.

माणसानं शोधलेली ही युक्ती शरीरानं मात्र कधीच करून ठेवली होती. १९३७ साली प्राग शहरात विलेम लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून लोखंडानं गच्च भरलेलं एक प्रथिन वेगळं केलं. त्याचं नाव फेरिटिन. चोवीस तुकडे एकमेकांत बसून त्याचा एक पोकळ गोळा होतो. बाहेरून १२ नॅनोमीटर, आतली पोकळी ८ नॅनोमीटर. या पोकळीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू खनिजाच्या रूपात रचून ठेवता येतात. सुगीत भरायची आणि आखाडात उघडायची, अशी ही पेशीतली कणगी. तिच्यातलं खनिजही पुन्हा त्याच गंजाच्या कुळातलं. औषधाच्या कारखान्यात लोखंडाभोवती साखर आहे, शरीरात प्रथिन आहे. आतल्या गाभ्यांचं नातं मात्र जवळचं आहे. धातूचा नॅनोकण शरीराला परका नाही. आपण सगळे असे असंख्य कण अंगात घेऊनच जन्मतो.

रक्तात पहिली भेट

कण रक्तात शिरला की काही क्षणांतच त्याचं रूप पालटू लागतं. रक्तद्रवात हजारो प्रकारची प्रथिनं तरंगत असतात. अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, प्रतिपिंडं, चरबी वाहून नेणारी प्रथिनं, यांतली काही कणाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात. आधी जी संख्येनं जास्त आहेत ती बसतात. मग ज्यांची पकड घट्ट आहे ती त्यांना हटवून जागा घेतात. डब्लिनचे केनेथ डॉसन आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या सारा लिन्से यांच्या गटांनी २००७ च्या सुमारास या थराचा कसून अभ्यास केला आणि ‘प्रोटीन कोरोना’ हे नाव रूढ झालं. या अभ्यासानं नॅनो-औषधांकडे बघायची रीतच बदलली. प्रयोगशाळेत कणावर कोणतंही वेष्टण चढवा, पेशीला दिसतो तो हा प्रथिनांचा थर. कण कुठे जाणार, कोण त्याला पकडणार, हे बऱ्याच अंशी त्या थरावर ठरतं.

आकारही तितकाच महत्त्वाचा. साधारण साडेपाच नॅनोमीटरच्या आतले कण मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटून लघवीवाटे बाहेर पडू शकतात. त्याहून मोठे बहुतेक कण यकृत आणि प्लीहेत अडकतात. तिथे रक्तवाहिन्यांच्या कडेला भक्षकपेशी बसलेल्या असतात. यकृतातल्या भक्षकपेशींना कुप्फर पेशी म्हणतात. जंतू, मेलेल्या पेशी, परके कण, जे वाहत येईल ते गिळणं हा त्यांचा धर्म. आयर्न सुक्रोजचे कणही त्या गिळतात. रक्तद्रवातलं या औषधाचं लोह साधारण सहा तासांत निम्म्यावर येतं.

गिळलेला कण पेशीच्या आत एका इवल्या पिशवीत जातो. तिचं नाव लायसोसोम, ती १९५५ साली बेल्जियमच्या क्रिस्तियान द ड्यूव यांनी शोधली. रक्ताचा सामू ७.४ असतो, तर या पिशवीचा ४.५ ते ५, म्हणजे रक्तापेक्षा शेकडो पटींनी आम्लधर्मी. वेष्टण सुटतं, गाभा झिजू लागतो आणि लोहाचे अणू एकेक करून मोकळे होतात. बाटलीवर ज्याचं नाव छापलं होतं तो कण इथे संपला. त्यातलं लोखंड मात्र आता कुठे कामाला लागतं.

लोखंडाची तयार वाट

इथून पुढचा प्रवास इतका नेमका आहे की थक्क व्हायला होतं. लायसोसोममधून बाहेर आलेल्या लोहापुढे दोन वाटा असतात. गरज नसेल तर फेरिटिनच्या पोकळीत जाऊन पडायचं, गरज असेल तर पेशीबाहेर पडायचं. बाहेर जायला भक्षकपेशीच्या आवरणात एकच दार आहे, फेरोपोर्टिन. या दारातून निघालेल्या लोहाच्या अणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्यावा लागतो, नाहीतर पुढचा वाहक त्याला उचलत नाही. रक्तात हे काम सेरुलोप्लाझ्मिन करतं, आणि हे प्रथिन तांब्याचं आहे. लोखंडाला वाटेला लावायला तांबं मदतीला उभं असतं.

मग ट्रान्सफेरिन येतं. एका वेळी फक्त दोन अणू उचलायचे, ते घट्ट धरायचे, मध्ये कुणाला इजा होऊ द्यायची नाही आणि अस्थिमज्जेत नेऊन पोचवायचे. तिथे घडत असलेल्या तांबड्या पेशी ते आत घेतात आणि हिमोग्लोबिनमध्ये बसवतात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू आणि प्रत्येकात लोहाचे चार अणू. म्हणजे एका पेशीला शंभर कोटींहून जास्त अणू लागतात. आणि अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करते.

एका वेळच्या सलाईनमध्ये बहुधा २०० मिलिग्रॅमपर्यंत लोह असतं. हिशेब मांडून पाहा. ते सगळं कामी लागलं तर त्यातून जवळपास दोन लाख कोटी तांबड्या पेशी उभ्या राहू शकतात. म्हणून काही आठवड्यांत एचबी चढतं, चालताना लागणारी धाप कमी होते, डोळ्यांपुढची अंधारी जाते.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मग तीच भक्षकपेशी तिला गिळते, तिच्यातलं लोखंड काढून घेते आणि त्याच दारातून पुन्हा वाटेला लावते. रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोखंड असं फिरून वापरात येतं. अन्नातून रोज शोषलं जातं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. लोखंड मुद्दाम बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच. ते जातं ते रक्तस्रावातून, झडणाऱ्या पेशींतून, आणि गरोदरपणात बाळाकडे. बाळ आणि वार मिळून आईकडून सुमारे ३०० मिलिग्रॅम लोखंड घेतात. सातव्या-आठव्या महिन्यात शिरेतून गेलेल्या एखाद्या कणातलं लोखंड वारेतून पलीकडे जाऊन जन्मणाऱ्या बाळाच्या रक्तात प्राणवायू वाहू लागतं.

या सगळ्यावर पहारा असतो यकृताचा. यकृत हेप्सिडिन नावाचं छोटं संप्रेरक सोडतं. लोखंड पुरेसं झालं किंवा अंगात जंतुसंसर्ग असला की हेप्सिडिन वाढतं आणि फेरोपोर्टिनचं दार बंद होतं. जंतूंनाही लोखंड हवं असतं, ते त्यांच्या हाती लागू नये म्हणून शरीर ते कुलपात घालतं. अंगात सतत जळजळ किंवा संसर्ग असणाऱ्या माणसाला गोळ्यांचा गुण कमी येतो, त्याचं एक कारण हे.

चांदीला वाट नाही

लोखंडाशी शरीराची ओळख फार जुनी आहे, म्हणून त्याच्यासाठी दार, वाहक, कोठार, पहारा सगळं तयार आहे. ज्या धातूची शरीराला गरजच नाही, त्याचा कण आत गेला तर?

याचा एक शोध पुण्यात झाला. आघारकर संशोधन संस्थेचं हे काम. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानं १९४६ साली उभी राहिलेली ही संस्था. तिथे किशोर पाकणीकर, ज्युतिका राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांवर काम केलं. जखमांवर लावायचं जंतुनाशक जेल तयार करणं हा हेतू होता. भाजलेल्या जखमांवर चांदीचं मलम दवाखान्यात नेहमीच लावतात, पण नॅनोकण पेशीत शिरले तर काय करतील हे आधी बघायला हवं होतं. २००९ साली त्यांनी उंदराच्या त्वचेतल्या आणि यकृतातल्या पेशींवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या पेशी निकामी व्हायला त्वचेच्या पेशींना मिलिलिटरमागे ६१ मायक्रोग्रॅम चांदी पुरली, यकृताच्या पेशींना लागली ४४९ मायक्रोग्रॅम. सात पटींहून जास्त. यकृताच्या पेशींनी चांदीला तोंड देताना ग्लुटाथायॉन नावाचं आपलं गंधकयुक्त संरक्षक द्रव्य वाढवलं होतं.

चांदीच्या गोष्टीत गंधक कळीचं आहे. लायसोसोमच्या आम्लात चांदीचा कण झिजतो आणि चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात. हे आयनच जंतूंना मारतात, आणि हेच आपल्या पेशींनाही त्रास देतात. पण पेशीत गंधक धारण करणारी द्रव्यं मुबलक असतात आणि चांदीला गंधकाची जबर ओढ. ग्लुटाथायॉन तिला धरतं, मेटॅलोथायोनिन तिला धरतं. मेटॅलोथायोनिन १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं. त्याच्या साठेक दुव्यांच्या साखळीत वीस दुवे गंधकाचे. शरीरानं ते जस्त-तांब्यासारख्या ओळखीच्या धातूंसाठी ठेवलेलं आहे, पण परका धातू आला की तेच पुढे होतं.

अशी बांधली गेलेली चांदी रक्ताबरोबर त्वचेपर्यंत पोचते. तिथे ऊन पडतं आणि चांदीचे आयन पुन्हा धातू होतात. फोटोच्या जुन्या फिल्मवर प्रकाश पडल्यावर घडत असे तीच ही रासायनिक क्रिया. त्वचेत नवे, इवले चांदीचे कण तयार होतात, मग गंधकाशी आणि सेलेनियमशी संयोग पावून तिथेच स्थिरावतात. वर्षानुवर्षं चांदीचं पाणी औषध म्हणून पिणाऱ्यांची कातडी निळसर-करडी होते ती यामुळे, आणि तो रंग सहसा जात नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात जिंग्यू लिऊ आणि रॉबर्ट हर्ट यांनी २०१२ साली ही साखळी टप्प्याटप्प्यानं उलगडून दाखवली. गिळलेला कण त्वचेत गेलाच नव्हता. तो विरघळला, आणि त्याच्या चांदीतून शरीरात दुसरेच कण घडले.

अविनाशी सोन्याची झीज

सोन्याचं काय? ते गंजत नाही, साध्या आम्लात विरघळत नाही. महाराष्ट्रात पुष्य नक्षत्राच्या दिवशी लहान मुलांना सुवर्णप्राशन देणारी घरं कितीतरी आहेत. त्यात असतं सुवर्णभस्म, सोन्यावर वारंवार खल आणि गोवऱ्यांची पुटं देऊन केलेलं. याच आघारकर संस्थेतल्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांबरोबर सुवर्णभस्माची तपासणी केली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भस्मात सोनं धातूच्याच रूपात होतं, आणि त्याचे स्फटिक सरासरी सुमारे ५७ नॅनोमीटरचे होते.

सोन्याचा असा कण पेशीत गेला तर तो कायमचा तसाच राहील, असं शास्त्रज्ञही फार काळ मानत होते. पॅरिसमध्ये फ्लोरेन्स गाझो, फ्लोरां कार्न आणि अ‍ॅलिस बाल्फुरिए यांच्या गटानं ते तपासायचं ठरवलं. माणसाच्या त्वचेतल्या पेशींना ४ ते २२ नॅनोमीटरचे सोन्याचे कण दिले आणि तब्बल सहा महिने त्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. २०२० साली त्यांनी जे मांडलं ते कुणाच्या कल्पनेत नव्हतं. सोनं झिजत होतं.

एकटं आम्ल हे करू शकत नाही. पेशीनं लायसोसोममध्ये ऑक्सिजनची आक्रमक रूपं सोडली आणि त्यांनी सोन्याचे अणू सोडवले. सर्वांत लहान कण सर्वांत आधी झिजले. ४ नॅनोमीटरच्या कणात सोन्याचे जेमतेम दोन हजार अणू असतात आणि त्यातले पुष्कळसे पृष्ठभागावर उघडे पडलेले. २२ नॅनोमीटरच्या कणात तीन लाखांहून जास्त, आणि बहुतेक आत सुरक्षित. सुटलेल्या सोन्याला पुन्हा गंधकाच्या प्रथिनांनी धरलं, आणि त्यातून अडीच नॅनोमीटरच्या आसपासचे नवे कण पानांसारख्या पातळ रचनेत पुन्हा घडले.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या या रचना एक जुनी नोंद आठवावी अशाच होत्या. झाक फोरेस्तिए या फ्रेंच डॉक्टरनं १९२९ साली संधिवाताला सोन्याचे क्षार टोचायला सुरुवात केली होती. अशा रुग्णांच्या पेशींत नंतर ज्या रचना दिसल्या त्या हुबेहूब अशाच होत्या. एकाच्या शरीरात सोनं क्षार म्हणून गेलं, दुसरीकडे पेशीत कण म्हणून गेलं, आणि पेशीनं दोन्हींचा शेवट एकच केला.

प्रश्न विचारावेत असे

वाट ठाऊक असलेला धातू शरीर वापरून घेतं, परका धातू गंधकात बांधून कुठेतरी ठेवून देतं. धातू चांगला की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कण केवढा, त्यावर वेष्टण कशाचं, तो कुठे जाऊन थांबणार, तिथे त्याचं काय होणार, आणि त्याला बाहेर पडायला किंवा उपयोगी पडायला वाट आहे का, हे विचारायला हवं. ‘नॅनो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाबद्दल, चांदीच्या पाण्याबद्दल, मुलाच्या जिभेवर ठेवल्या जाणाऱ्या सोन्याच्या थेंबाबद्दलही.

लोखंडाच्या बाबतीत या प्रश्नांची बरीचशी उत्तरं आपल्या हातात आहेत, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं लोहाचं सलाईन घ्यायला कुणा आईनं बिचकू नये. सोन्याचांदीची उत्तरं शोधायचं काम अजून चालू आहे, आणि ते पेशींकडे सहा महिने पाहत बसण्याइतक्या धीरानंच करावं लागणार आहे.